गणवेश कोणाला विचारून शिवायचा?



सातारा जिल्ह्यात येऊन लष्करी गणवेशावर बोलायचं, हे धाडसच आहे. इथे वर्दी कोणाला दाखवावी लागत नाही. ती दोरीवर वाळताना पाहतच इथली पोरं मोठी होतात. अपशिंगे इथून लांब नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, तेही पायदळातलेच. त्यामुळे मी आज लढायांवर बोलणार नाही. लढायांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झालं आहे. मी बोलणार आहे लढणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांवर.

आणि माझे प्रश्न दोनच आहेत. सैनिकाला जर विचारलं की, बाबा रे, तुझ्या वर्दीत काय बदलू, तर तो काय सांगेल? आणि दुसरा, जास्त अवघड प्रश्न : त्याला विचारतं कोण?

श्रोतेहो, गणवेशाला दोन धनी असतात. एक पाहणारा आणि एक घालणारा. पाहणाऱ्याला काय हवं असतं? रांग सरळ दिसावी, इस्त्रीची घडी मोडू नये, बूट चकाकावेत, संचलन पाहताना ऊर भरून यावा. त्यात वावगं काही नाही. मी स्वतः खळ घातलेल्या कडक कपड्यात परेड केली आहे आणि त्या दिवसांचा मला अभिमान आहे. पण घालणाऱ्याला काय हवं असतं? काखेत काचू नये. बसल्यावर आसनात उसवू नये. भिजला तर लवकर वाळावा. अंधारात हाललो तर आवाज होऊ नये. खिशातली वस्तू न पाहता हाताला लागावी. आणि शत्रूला मी दिसू नये. हे दोन धनी भांडतात तेव्हा जगभर बहुतेक वेळा पाहणाराच जिंकत आला आहे. किंमत मात्र घालणाऱ्याने मोजली आहे.

1914 सालचा फ्रान्स घ्या. त्या वेळी इंग्रजांचं सैन्य खाकीत होतं, जर्मनांनी करडा गणवेश स्वीकारला होता, आणि फ्रेंच पायदळ मात्र निळा कोट आणि लालभडक विजार घालून उभं होतं. हे कोणाला कळत नव्हतं का? कळत होतं. दोन-तीन वर्षांपूर्वीच युद्धमंत्री अ‍ॅडॉल्फ मेसिमी यांनी मळकट हिरव्या रंगाचा गणवेश सुचवला होता. त्यावर वर्तमानपत्रं तुटून पडली, संसदेत गदारोळ झाला. एक माजी युद्धमंत्री, एजेन एतिएन, तावातावाने म्हणाले की लाल विजार म्हणजेच फ्रान्स. झालं! देशाच्या इभ्रतीचा प्रश्न झाल्यावर रंग बदलणार कोण? शेवटी बदल मंजूर झाला तो जुलै 1914 मध्ये, युद्ध तोंडावर आल्यावर. कापड तयार नव्हतं. माणसं लाल विजारीतच निघाली. 22 ऑगस्ट 1914 या एका दिवसात फ्रान्सचे सुमारे 27 हजार सैनिक मारले गेले. ते सगळे विजारीमुळे गेले असं मी म्हणणार नाही; तसं म्हणणं त्या मृतांवरही अन्याय होईल. तोफा होत्या, मशीनगन होत्या, उघड्या मैदानातून चाल करून जाण्याचे वेडे हुकूम होते. पण संसदेत त्या लाल रंगाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांपैकी किती जणांना ती विजार घालून आर्देनच्या रानातून धावायचं होतं?

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या उपखंडातली आहे. 1846 साली पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली. तेव्हा कंपनी सरकारचे शिपाई घट्ट लाल डगले घालून सरहद्दीच्या उन्हात घामाघूम होत. लम्सडेनने आपल्या जवानांना सैलसर, मातकट रंगाचे कपडे दिले. ते सरहद्दीवरच्या माणसाच्या अंगावर जसे असत, साधारण तसेच. 1857 मध्ये गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले, कारण उन्हात पांढरं कापड दुरून चमकतं हे गोळीच्या टप्प्यात उभ्या असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण लंडनला हे पटायला किती वर्षं लागावीत? परदेशातल्या सगळ्या ब्रिटिश फौजेला खाकी मिळाली 1897 मध्ये. बोअर युद्धाचे चटके बसल्यावर, 1902 साली, मायदेशातल्या फौजेनेही मातकट रंग घेतला. जो शहाणपणा सरहद्दीवरच्या पलटणीला पहिल्या उन्हाळ्यात आला, तो राजधानीत पोचायला अर्धं शतक गेलं.

तीच खाकी घालून 1914 च्या शरद ऋतूत आपली हिंदी फौज मार्सेल्सच्या धक्क्यावर उतरली. खाकी होती, पण सुती. उष्ण प्रदेशासाठी शिवलेली. तिथून ही माणसं फ्लँडर्सच्या चिखलात, खंदकात गेली आणि गरम कपडे मागाहून आले. पुढे 1962 मध्ये, चीनबरोबरच्या युद्धात, काय झालं ते या सभागृहातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. नामका चू नदीच्या काठी, तेरा-चौदा हजार फुटांवर, आपली 7 ब्रिगेड सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभी होती. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी पुढे 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. डावपेचांचे वाद बाजूला ठेवा. त्यात जवानाच्या पायातल्या बुटांचं जे वर्णन आहे ते वाचा.

एक गोष्ट इथे स्पष्ट व्हावी. गणवेश हा जागेला आणि हवामानाला बांधलेला असतो. एकच कपडा सगळीकडे चालेल, हे स्वप्न कोठारातल्या हिशेबनिसाला फार गोड वाटतं. साठा एकच, मापं एकच, खरेदी एकच. पण त्या स्वप्नापायी जगातल्या सर्वांत श्रीमंत फौजेने आपले हात कसे पोळून घेतले, ती कहाणी मला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण तिथे सैनिकाने काय बदल मागितले याची नोंद आहे.

2004 साली अमेरिकन लष्कराने नवा गणवेश जाहीर केला. त्यावरच्या नक्षीचं नावच 'युनिव्हर्सल', म्हणजे सर्वत्र चालणारी. राखाडी, फिकट हिरवा आणि वाळूचा रंग, बारीक बारीक चौकोनांत. वाळवंट, जंगल, शहर, तिन्ही ठिकाणी लपवेल असा दावा. प्रत्यक्षात ती कुठेच धड लपवत नव्हती. कारण समजून घ्या. बारीक ठिपके जवळून पाहिले तर वेगवेगळे दिसतात. शे-दोनशे पावलांवरून पाहिले की डोळ्यात ते एकमेकांत मिसळतात आणि उरतो एकच फिकट, राखाडी डाग. अफगाणिस्तानातल्या तपकिरी डोंगरउतारावर माणसाच्या आकाराचा फिकट डाग हालतो आहे, हे लांबूनही कळतं. जवान हे पहिल्यापासून बोलत होते. आपसात बोलत होते, वरिष्ठांशी बोलत होते. ऐकलं कोणी? 2009 साली काही सार्जंटांनी ही व्यथा जॉन मर्था या खासदारांच्या कानावर घातली. मर्था स्वतः मरीन कोअरमध्ये अधिकारी राहिलेले, त्यांना ती लगेच कळली. त्यांनी संसदेकडून लष्कराला जाब विचारायला लावला. मग घाईने चाचण्या झाल्या, दोन पलटणींना वेगवेगळ्या नक्षीचे कपडे देऊन अफगाणिस्तानातच त्यांची परीक्षा घेतली, आणि 2010 मध्ये तिथे जाणाऱ्या सैनिकांना तपकिरी-हिरव्या मिश्रणाची दुसरी नक्षी मिळाली. ती राखाडी नक्षी पूर्णपणे मोडीत निघाली 2019 मध्ये. पंधरा वर्षं आणि अब्जावधी डॉलर! आणि मधल्या काळात तो राखाडी डाग अंगावर घेऊन जे डोंगर चढले, त्यांचं काय?

पण रंग हा या कहाणीतला एकच धागा. त्याच गणवेशावर गुंड्यांऐवजी चिकटपट्ट्या लावल्या होत्या. आपण ज्याला वेल्क्रो म्हणतो, त्या. खिशाला वेल्क्रो, कॉलरला वेल्क्रो, नावाच्या पट्टीला वेल्क्रो. कचेरीत बसून पाहिलं तर किती सोयीचं! पण रात्रीच्या गस्तीवर खिसा उघडताना होणारा तो चर्रर्र आवाज आठवा. मातीत सरपटल्यावर त्या पट्टीत धूळ आणि काटेकुसळं भरली की ती चिकटायची बंद होते. चार-सहा महिने धुतल्यावर तिचे दात झिजतात. सैनिकांनी मागणी काय केली? जुन्या गुंड्या परत द्या. एवढंच! आणि हळूहळू मांडीच्या खिशांवर गुंड्या परत आल्या, नावाच्या पट्ट्या शिवून घ्यायची मुभा मिळाली. सैनिकाला नेहमी नवंच हवं असतं असं नाही, मित्रहो. पुष्कळदा त्याला जे चालत होतं तेच परत हवं असतं.

खिशांचं पाहा. पूर्वी खिसा छातीवर आणि कमरेला असायचा. मग चिलखती जाकीट आलं. ते अंगावर चढवलं की छातीचे खिसे झाकले जातात, कमरेचेही पट्ट्याखाली दबतात. मग खिसा हवा कुठे? दंडावर. मांडीवर. छातीवर ठेवायचाच तर तिरका, म्हणजे हात आत सरकवता येईल. ही अक्कल आरेखनाच्या फळ्यावर सुचलेली नाही. जाकीट घालून, गाडीत चार तास दाटीने बसून, नकाशा काढताना हात अडकला, तेव्हा सुचली. आगीचंही तसंच. नायलॉनमिश्रित कापड मजबूत. पण रस्त्याखाली पेरलेल्या स्फोटांनी गाड्या पेटू लागल्या तेव्हा कळलं की हे कापड वितळून कातडीला चिकटतं. मग आगीला तोंड देणारं कापड दिलं. ते वितळेना, पण फाटू लागलं. आता सांगा, काय निवडायचं? इथे सैनिकाला विचारून प्रश्न सुटतोच असं नाही. पण भाजण्याचा धोका कोणाला जास्त आणि काट्याकुट्यात फाटण्याचा कोणाला, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवताच येत नाही.

टोपीचीही एक गोष्ट आहे. 2001 पासून अमेरिकन लष्करात सगळ्यांना काळी लोकरी बेरे टोपी सक्तीची झाली. दिसायला रुबाबदार. पण तिने ना डोळ्यांवर सावली पडे, ना पाऊस अडे, आणि उन्हाळ्यात डोकं उकडून निघे. पुढे लष्कराचे सर्वोच्च सार्जंट मेजर रेमंड चँडलर जागोजागी फिरले, हजारो जवानांना विचारत गेले. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, रोजच्या वापरात झापवाली साधी टोपी परत आली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. 'हजारो जवानांना विचारत गेले' हे चार शब्द मला फार मोलाचे वाटतात.

आणि त्याच वर्षी मरीन कोअरमध्ये काय घडलं पाहा. तिथे उन्हाळ्यात बाह्या दुमडायची जुनी रीत होती, घट्ट, नेटकी, दंडाच्या वर. 2011 मध्ये हुकूम निघाला : बाह्या खाली. मरीन खवळले. आरामाचा प्रश्न नव्हता तो. दुमडलेल्या बाह्या ही त्यांची ओळख होती. मार्च 2014 मध्ये सेनापतींनी हुकूम फिरवला. याचा अर्थ काय? सैनिकाला विचारलंत तर तो फक्त सुख मागेल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावं. तो अभिमानही मागतो. कधी कधी आरामापेक्षा जास्त.

आता आपल्या घरी येऊ.

15 जानेवारी 2022, सेना दिन. दिल्लीच्या परेडवर छत्रीधारी कमांडोंची तुकडी नव्या लढाऊ गणवेशात चालत आली. आपल्या लष्कराने हा गणवेश राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेबरोबर, म्हणजे 'निफ्ट'बरोबर बसून तयार केला. 15 नक्ष्या, 4 आराखडे आणि 8 प्रकारची कापडं पाहून तो ठरला. कापड 70 टक्के सुती, 30 टक्के पॉलिएस्टर. हलकं, लवकर वाळणारं. सदरा विजारीत खोचायचा नाही, वर सोडायचा. आत गोल गळ्याचा बनियनवजा टी-शर्ट. तपशील पाहा, कारण माझा जीव तपशिलात आहे. पाठीवर चुण्या, म्हणजे हात पुढे घेतला की कापड ताणत नाही. छातीवर तिरके, चेन असलेले खिसे. डाव्या बाहीवर पेन ठेवायची जागा. कमरेला इलास्टिक आणि गुंड्या, म्हणजे पोस्टवर महिनाभरात माणूस सुकला तरी विजार सैल होत नाही. आणि आसनाला कापडाचा दुहेरी थर!

हा दुहेरी थर ऐकून इथल्या माजी सैनिकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला इथून दिसतं आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. सैनिक उभा कमी असतो. तो उकिडवा बसतो, गुडघ्यावर येतो, गाडीच्या फळीवरून उडी मारतो, कड्यावर पाय फाकवून चढतो. विजार आधी कुठे जाते? आसनात. परेडच्या मैदानावर हे कधी दिसत नाही, कारण तिथे माणूस ताठ उभा असतो. मी एका छावणीतल्या शिंप्याच्या दुकानात ही नवी वर्दी शिवताना पाहिली. एक तरुण नाईक कपडे न्यायला आला. त्याने सदरा-विजार चढवली आणि आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ जमिनीवर उकिडवा बसला. मग दुकानाच्या फरशीवर पालथा झाला, कोपर टेकून बंदूक धरल्यासारखे हात केले, मान वर करून पाहिलं. उठला, डावा दंड चाचपला, मग म्हणाला, "मास्तर, खांद्याला अर्धा इंच सोडा. पिट्ठू घेतला की ओढतंय." शिंप्याने खडूने खूण केली आणि म्हणाला, "सगळे हेच सांगतायत." श्रोतेहो, मला त्या क्षणी एकच प्रश्न पडला. 'सगळे हेच सांगतायत' हे वाक्य त्या दुकानाबाहेर कुठे जातं? त्या अर्ध्या इंचाची नोंद कुठे होते?

नवा गणवेश मला आवडला आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. आधीच्यापेक्षा तो पुष्कळ पुढे आहे. लष्कराने त्याची रचना नोंदणी करून घेतली, शिंप्यांना शिकवण्यासाठी निफ्टच्या मदतीने कार्यशाळा घेतल्या, सीएसडीच्या, म्हणजे लष्करी कँटीनच्या, पंधरा डेपोंतून संच दिले. त्यात आपली खडकी आहे, मुंबई आहे. जवानांना तो किटमध्येच देण्यासाठी 11 लाख 70 हजार संचांची मागणी नोंदवली आणि एका संचाचं आयुष्य 15 महिने ठरवलं. हे सगळं उत्तम. तरी माझ्या दोन शंका आहेत. एक : ही एकच नक्षी जैसलमेरच्या वाळूत आणि नागालँडच्या रानात सारखीच चालते का? याचं उत्तर मला नको, कोणा तज्ज्ञालाही नको. ते त्या दोन ठिकाणच्या जवानांनी सहा महिन्यांनी द्यावं. दुसरी शंका 15 महिन्यांची. राजधानीतल्या मुख्यालयात 15 महिने टिकणारी विजार नियंत्रण रेषेवरच्या काटेरी तारांजवळ किती टिकेल? कपड्याचं आयुष्य कॅलेंडरवर मोजायचं की जमिनीवर?

आणि उंचावर गेलं की हा प्रश्न जिवाचा होतो. सियाचिनमध्ये आपण 1984 च्या एप्रिलपासून आहोत. तिथे गणवेश म्हणजे आडोसा. बोट गारठलं तर कापावं लागतं. अशा जागेच्या कपड्यांबद्दल महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेपुढे आला. बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा 62 ते 98 टक्के. नोव्हेंबर 2015 ते सप्टेंबर 2016 या काळात बहुउपयोगी बूट घेतलेच गेले नाहीत. जुनेच बूट दुरुस्त करून फिरवावे लागले. सुधारित मुखवटे आणि झोपायच्या पिशव्या बाजारात असताना जुन्या धर्तीच्या घेतल्या. मी लष्कराची निंदा करत नाही. त्या उंचीवर माल पोचवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण असा अहवाल लेखापरीक्षकाने लिहायची वेळ का यावी? तो बूट ज्याच्या पायात होता त्याला हे पहिल्याच हिवाळ्यात माहीत होतं.

आता अभिमानाकडे वळतो. हा विषय नाजूक आहे आणि मी त्यात माझं मत लपवणार नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून आपल्या लष्करात ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश एक झाला. रेजिमेंटची टोपी गेली, खांद्यावरची दोरी गेली, पट्टा आणि बूट एकसारखे झाले. गोरखा रायफल्सच्या ब्रिगेडियरने ती तिरकी टोपी उतरवली, छत्रीधाऱ्याने किरमिजी बेरे उतरवली, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अधिकाऱ्याने लाल-हिरवा हॅकल, म्हणजे टोपीवरचा तुरा, उतरवला. ज्यांनी आयुष्य त्या तुऱ्याखाली काढलं त्यांना हे जड गेलं असणार. तरी मला हा बदल योग्य वाटतो. ब्रिगेडियरच्या हाताखाली अनेक रेजिमेंटचे जवान असतात. त्या सगळ्यांना तो आपला वाटला पाहिजे. पण हीच कात्री खाली जवानापर्यंत नेऊ नये. बेळगावच्या केंद्रात रंगरूट जेव्हा पहिल्यांदा हॅकल लावतो तेव्हा त्याच्या पाठीमागे कितीएक पिढ्या उभ्या राहतात. त्याला विचारा, काय बदलू? तो बूट सांगेल, जाकीट सांगेल, मोजे सांगेल. हॅकल काढा असं तो कधी सांगणार नाही.

नौदलाचंही तसंच. 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, सिंधुदुर्गाच्या साक्षीने जाहीर झालं की नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची छाप असेल. महिनाअखेरीस अ‍ॅडमिरलांसाठी त्या पट्ट्या आल्या, अष्टकोन घेऊन. ज्या महाराजांनी मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर किल्ला बांधला, त्यांची खूण नौदलाच्या खांद्यावर यायला 2023 उजाडावं लागलं; पण आली, याचा आनंद आहे. एवढंच म्हणतो, खांद्यावरच्या खुणेचा जेवढा विचार झाला तेवढाच इंजिनरूममध्ये उकाड्यात राबणाऱ्या नौसैनिकाच्या कपड्याचाही व्हावा. अमेरिकन नौदलाने निळ्या ठिपक्यांचा झोकदार गणवेश आणला होता. 2012 मध्ये कळलं की आग लागली तर तो वितळतो. जहाजावर, जिथे आग हाच मोठा शत्रू! तोही पुढे रद्दच झाला.

शीख जवानांच्या हेल्मेटचा वाद आठवत असेल. 2023 च्या सुरुवातीला शीख सैनिकांसाठी खास आकाराच्या 12,730 हेल्मेटांच्या खरेदीची बातमी आली आणि अकाल तख्ताने विरोध केला. पगडी हा श्रद्धेचा भाग, डोकं वाचवणं हा कर्तव्याचा भाग. दोन्ही बाजूंचं ऐकलं. मला प्रश्न एवढाच की त्या सगळ्या गदारोळात गोळीसमोर जाणाऱ्या शीख शिपायाचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत किती पोचला?

आणि आता शेवटचा, माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा. 2022 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुली दाखल झाल्या. 30 मे 2025 ला पहिल्या 17 जणी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आपल्या पुण्याजवळ घडलेला इतिहास आहे हा. नव्या गणवेशात स्त्रियांसाठी वेगळी बेतणी आहे, ही चांगली सुरुवात. पण बेतणी सदऱ्यावर संपत नाही. बाईच्या पावलाची टाच अरुंद असते. पुरुषाचा बूट लहान करून दिला तर टाच आत हलत राहते, आणि लांबच्या कूचमध्ये फोड येतात. पिट्ठूचा भार कमरेच्या हाडावर यायला हवा. पट्टा पुरुषाच्या मापाचा असला तर तो भार खांद्यावर येतो आणि पाठ जाते. चिलखती जाकीट छातीवर नीट बसलं नाही तर बगलेला फट राहते. ही फट कोण दाखवेल? त्या सतरा मुली दाखवतील, त्यांच्या मागून येणाऱ्या दाखवतील. आज त्या नव्या आहेत, संख्येने कमी आहेत, तक्रार केली तर 'नाजूक आहे' असं कोणी म्हणेल ही धास्ती त्यांना आहे. म्हणून विचारायचं काम व्यवस्थेने करावं. त्यांनी हात वर करण्याची वाट पाहू नये.

माझी मागणी काय आहे? नवा कपडा ठरण्याआधी तो वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या ऋतूंत, साध्या शिपायांनी घालून पाहावा. नमुन्याच्या तुकडीत निवडक, देखणे, सहा फुटी जवान नकोत. बुटका हवा, जाडा हवा, बाई हवी, स्वयंपाकी हवा, ड्रायव्हर हवा. प्रत्येक किटबरोबर एक साधा कागद जावा, जवानाच्या भाषेत, मराठीत, तमिळमध्ये, डोगरीत : कुठे फाटलं, कुठे काचलं, काय हवं. आणि त्या कागदाला उत्तर यावं. केला बदल तर केला म्हणून, नाही केला तर का नाही ते सांगून. शिस्त यामुळे ढासळते असं मला वाटत नाही. ज्याला विचारलं जातं तो हुकूमही जास्त मनापासून पाळतो, हा माझा पलटणीतला अनुभव आहे.

आणि तुमच्याकडे, या सभागृहाकडे, माझं एक मागणं आहे. लष्करी नक्षीचे कपडे हौसेने बाजारातून घेऊ नका, पोरांनाही घालू नका. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटला आलेले हल्लेखोर आपल्याच फौजेच्या वेशात होते, आणि त्यानंतर लष्करानेच लोकांना ही विनंती केली होती. दुसरं असं की, इथे बसलेल्या माजी सैनिकांनी आपल्या सेवेतल्या कपड्यांबद्दल लिहून द्यावं. कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात, काय घातलं होतं, काय त्रास झाला, काय बदललं असतं तर बरं झालं असतं. अंगोला शर्ट, जर्सी, डांगरी, बूट, मोजे, काहीही. ज्यांना लिहिणं जमत नसेल त्यांनी नातवाला सांगावं. सुट्टीवर आलेल्या मुलालाही विचारा, मुलीलाही विचारा. पलटणीचं नाव आणि तैनातीची जागा मात्र त्यांनी लिहू नये. संयोजकांनी कबूल केलं आहे की जमलेले सगळे कागद ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन देतील आणि तिथून पुढे पाठवण्याची लेखी विनंती करतील. कोरे कागद आणि पेनं बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. घरी जाताना एकेक घेऊन जा, आणि महिनाअखेरपर्यंत भरून आणून द्या.